प्राचीन बिअर आणि ती पुन्हा बनवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या काळच्या खाण्यापिण्यावर लिहायला लागल्यापासून सगळ्यात जास्त मेसेज बिअरबद्दल येतात, आणि तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतेय. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला की तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. बिअर नक्की कुणी आणि कधी शोधली?

कुणी एकाने नाही. धान्य भिजलं, मोड आले, त्याची पेज एखाद दोन दिवस तशीच राहिली आणि कुणीतरी ती टाकून न देता प्यायली, हे जगात वेगवेगळ्या ठिकाणी आपापलं घडलंय. सध्या सगळ्यात जुना पुरावा म्हणून इस्रायलमधल्या कार्मेल डोंगरातल्या राकेफेत गुहेचं नाव घेतात, साधारण १३,००० वर्षांपूर्वीचं, म्हणजे शेती सुरू व्हायच्याही आधीचं. तिथल्या दगडी उखळांत मोड आलेल्या आणि शिजलेल्या धान्याचे कण सापडले, स्टॅनफर्डच्या ली लिऊ यांच्या टीमने २०१८ मध्ये ते मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही. चीनमध्ये हेनान प्रांतातल्या जियाहूला इ.स.पू. ७००० च्या सुमाराच्या मडक्यांत तांदूळ, मध आणि फळं एकत्र आंबवल्याच्या खुणा मिळाल्या. आणि नुसत्या जवाची, आपण जिला सरळ बिअर म्हणू अशी, इराणच्या झाग्रोस डोंगरातल्या गोदिन तेपेला, इ.स.पू. ३५०० ते ३१०० मधली.

२. बिअर, वाइन आणि दारू यात फरक काय? ताडी किंवा फेणी ही बिअर का नाही?

यीस्टला फक्त साखर खाता येते. द्राक्षात, ताडाच्या रसात, मधात साखर तयारच असते, ठेवलं की आपोआप आंबतं. त्याची वाइन, ताडी, मधाची मीड होते. धान्यात असतो स्टार्च, त्याची आधी साखर करावी लागते, आणि बिअरचा सगळा खेळ या एका पायरीवर आहे. फेणी तर आंबवून वर भट्टीत गाळलेली, तिचा प्रकारच वेगळा.

स्टार्चची साखर करायच्या तीन वाटा माणसाने शोधल्या. पहिली मोड आणायची: दाणा उगवताना स्वतःच स्टार्चची साखर करणारं एन्झाइम तयार करतो, आपल्या आया-आज्या बाळासाठी नाचणीला मोड आणून वाळवून सत्त्व करायच्या तेव्हा त्या माल्टच करत होत्या, नाव तेवढं वेगळं. मेसोपोटेमिया, इजिप्त, युरोप सगळे या वाटेने गेले. दुसरी वाट चावायची: थुंकीतही तसलंच एन्झाइम असतं, पेरूमध्ये मका चावून चिचा करायची पद्धत त्यातूनच आली. तिसरी बुरशीची: चीन, जपान आणि आपल्या ईशान्य भारतात तांदळाच्या पिठाच्या वड्यांवर बुरशी आणि यीस्ट सोबत वाढवतात आणि ती वडी शिजवलेल्या भातात कुस्करतात. म्हणून तांदळाच्या पेयाला सगळे 'राइस वाइन' म्हणत असले तरी माझ्या हिशोबी ती बिअरच.

३. माणसाने शेती भाकरीसाठी सुरू केली की बिअरसाठी?

हा वाद १९५३ पासून चालू आहे, तेव्हा रॉबर्ट ब्रेडवुड या पुरातत्त्वज्ञाने बऱ्याच तज्ज्ञांना हाच प्रश्न लेखी विचारून त्यांची उत्तरं छापली होती. आज परिस्थिती अशी की जॉर्डनमधल्या शुबायका इथे साधारण १४,४०० वर्षांपूर्वीचे भाकरीचे जळके तुकडे मिळालेत आणि राकेफेतही (प्रश्न १) त्याच लोकांचं, शेतीआधी त्या भागात राहणाऱ्या नातुफी संस्कृतीतलं. म्हणजे दोन्ही गोष्टी शेतीच्या आधीच्या. मला स्वतःला 'आधी कोण' या भांडणात फार रस वाटत नाही, कारण रानातलं धान्य गोळा करणं, भरडणं, भिजवणं, भाजणं हे काम दोन्हीला तेच लागतं.

४. हजारो वर्षांनी मडकं रिकामं असताना त्यात बिअर होती हे कळतं कसं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. तीन-चार प्रकारचे पुरावे असतात आणि एकटा कुठलाच पुरेसा नसतो.

रासायनिक पुरावा म्हणजे बिअरस्टोन, कॅल्शियम ऑक्झलेटचा थर, जो बिअरच्या भांड्यात तळाशी आणि भिंतींना साचतो. गोदिन तेपेच्या मडक्याला आतून आडव्यातिडव्या खाचा पाडलेल्या होत्या, कदाचित तो कडू गाळ तिथे अडकावा म्हणून, आणि खाचांमध्ये पिवळसर थर होता, तो तपासल्यावर ऑक्झलेट निघालं. यातली भारी गोष्ट म्हणजे सुमेरी (दक्षिण मेसोपोटेमियाच्या) लिपीतलं बिअरचं चिन्हही मडकं आणि आत रेघा असंच आहे. पण ऑक्झलेट पालकातही असतं, इतर वनस्पतींतही असतं, त्यामुळे एवढ्यावर बिअर सिद्ध होत नाही. तुर्कस्तानातल्या गोबेकली तेपेला मोठमोठ्या दगडी डोणी मिळाल्या, काहींमध्ये १६० लिटरपर्यंत मावेल एवढ्या, त्यात ऑक्झलेटच्या खुणाही वाटल्या, तरी तिथे शोधणाऱ्यांनी स्वतःच 'बिअर असू शकेल' एवढंच म्हटलंय, आणि नेटवर मात्र 'जगातली पहिली ब्रुअरी' म्हणून फिरतंय.

दुसरा पुरावा स्टार्चच्या कणांचा. मोड आलेल्या दाण्यातल्या कणाला खड्डे पडतात, गरम पाण्यात शिजलेला कण फुगून वेडावाकडा होतो, मायक्रोस्कोपखाली ते दिसतं. चीनच्या शान्शी प्रांतात मिजियायाला ५,००० वर्षांपूर्वीच्या नरसाळ्यांवर आणि मडक्यांवर अशाच कणांवरून जव, वरीसारखं भरड धान्य आणि कंद एकत्र असल्याचं २०१६ मध्ये कळलं. तिसरा पुरावा लिखाण आणि चित्रं, चौथा म्हणजे भट्ट्या, चुली, गाळण्या. दोन-तीन एकमेकांना जुळले तर मी विश्वास ठेवते.

५. सुमेरी लोकांची बिअरची रेसिपी मातीच्या पाटीवर सापडली म्हणतात, खरंय का?

अर्धं खरं. जी पाटी आहे ती निन्कासी या बिअरच्या देवीचं स्तोत्र आहे, इ.स.पू. १८०० च्या सुमाराची, मिगेल सिव्हिल यांनी १९६४ मध्ये तिचं भाषांतर प्रसिद्ध केलं. त्यात क्रम छान येतो: बाप्पिर नावाचा पदार्थ सुगंधी गोष्टी घालून मळणं, मोठ्या भट्टीत भाजणं, माल्ट भिजवणं, शिजलेला लगदा बोरूच्या चटयांवर पसरून थंड करणं, मग आंबवणं, गाळणं, आणि गाळलेली बिअर ओतताना तैग्रिस-युफ्रेटिसचा लोंढा यावा तसं वर्णन. पण मापं नाहीत, वेळ नाही, तापमान नाही. आरती वाचून नैवेद्य किती वेळ शिजवायचा हे जसं कळणार नाही तसं.

सगळ्यात मोठी अडचण बाप्पिरची. बरेच दिवस त्याला 'बिअरची भाकरी' म्हणत, आता काही अभ्यासक म्हणतात की ते आंबवलेलं विरजण असावं, खायची भाकरी नव्हेच. सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीच्या फ्रिट्झ मेटॅग यांनी १९८९ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ सॉलोमन कात्झ यांच्याबरोबर ही बिअर केली तेव्हा बाप्पिर म्हणजे मध घालून दोनदा भाजलेली जवाची ब्रेड असं धरलं, हॉप्स (आजच्या बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं) टाळले, खजूर वापरला. नंतर क्लीव्हलंडच्या ग्रेट लेक्स ब्रुअरीने शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांना घेऊन मातीच्या हुबेहूब भांड्यांत, लाकडी दांड्याने ढवळून पुन्हा केली, ती चांगलीच आंबट झाली. दोघांची रेसिपी वेगळी, पाटी तीच. नेटवर कुणी 'ओरिजिनल सुमेरी रेसिपी, २५० ग्रॅम अमुक' असं देत असेल तर ते ग्रॅम त्याचे आहेत, सुमेरी लोकांचे नाहीत.

६. चित्रांमध्ये सगळे एकाच मडक्यातून लांब नळीने पिताना दिसतात, ते का?

कारण बिअर न गाळता मडक्यातच असायची, वर कोंडा आणि दाणे तरंगायचे, खाली गाळ, मधलं पातळ नळीने ओढायचं. ग्रीक सेनानी झेनोफोन इ.स.पू. ४०१ च्या सुमाराच्या मोहिमेत आर्मेनियाच्या गावात पोचला तेव्हाचं त्याने लिहून ठेवलंय की भांड्यात जव तरंगत होते, आणि बाजूला लहान-मोठ्या बोरूच्या नळ्या ठेवलेल्या होत्या, तहान लागली की नळी तोंडात धरून ओढायचं. हे बघायला आज म्युझियममध्ये जायची गरज नाही, पूर्व नेपाळ, सिक्कीम, दार्जिलिंगला तोंग्बा मिळते, आंबवलेल्या नाचणीवर गरम पाणी ओतायचं आणि बांबूच्या नळीने प्यायचं, नळीच्या टोकाला बारीक भोकं असतात म्हणजे दाणा आत येत नाही. दाणे तेच ठेवून परत परत पाणी घालतात.

७. इजिप्तमध्ये भाकरी भिजवून बिअर करायचे ना? शाळेत तसंच वाचलंय.

थडग्यांमधल्या चित्रांत भाकरी आणि बिअर शेजारी-शेजारी बनताना दिसतात, त्यावरून तो समज पक्का झाला. १९९६ मध्ये डेल्वेन सॅम्युएल यांनी अमार्ना आणि देर अल-मदीना या कामगारांच्या वस्त्यांमधल्या मडक्यांचा सुकलेला गाळ इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितला, आणि त्यात भाकरीची लक्षणं नव्हती. त्याऐवजी दोन तऱ्हेचे कण होते, काही नुसते मोड आलेले, खड्डे पडलेले, आणि काही चांगले शिजून फुगलेले. त्यावरून त्यांनी सांगितलं की धान्याचे दोन भाग करत असावेत: एक भाग मोड आणून कच्चाच भरडायचा, दुसरा भाग पाण्यात शिजवायचा, मग दोन्ही एकत्र. शिजलेल्या भागात स्टार्च सुटा झालेला आणि कच्च्या भागात एन्झाइम जिवंत, थोडी उष्णता मिळाली की साखर तयार. थर्मामीटर नसताना ही युक्ती किती हुशारीची आहे बघा, सगळंच शिजवलं असतं तर एन्झाइम मेलं असतं. धान्य म्हणजे जव आणि एमर गहू, एमरबद्दल प्रश्न १६ बघा.

याच कामावरून ब्रिटनच्या स्कॉटिश अँड न्यूकॅसल कंपनीने तुतनखामुन एल नावाने मोजक्या बाटल्या काढल्या होत्या. सगळ्या मडक्यांना हीच पद्धत लागू होते असं नाही, ही 'नवं राज्य' म्हणतात त्या एकाच कालखंडातल्या दोन वस्त्यांची गोष्ट, आणि इजिप्तचा इतिहास तीन हजार वर्षांचा आहे.

८. पिरॅमिड बांधणाऱ्यांना पगार बिअरमध्ये मिळायचा हे खरं की व्हॉट्सॲप?

खरं आहे, फक्त 'पगार' म्हणजे शिधा. पैसे नव्हतेच, मजुरी भाकरी आणि बिअर अशीच मोजली जायची, मेसोपोटेमियातही तसंच, तिथे इ.स.पू. ३००० च्या सुमाराच्या पाट्यांवर कामगारांच्या बिअरचे हिशोब आहेत. लिहिण्याची कला सुरू झाली ती अशाच जव-माल्टच्या हिशोबांतून, हे मला कायम थक्क करतं.

किती मोठ्या प्रमाणावर चालायचं याचा अंदाज इजिप्तमधल्या अबिदोसवरून येतो. २०२१ मध्ये जाहीर झालं की तिथे साधारण ५,००० वर्षांपूर्वीची ब्रुअरी आहे, आठ भाग, प्रत्येकात जवळपास ४० मातीची मोठी भांडी दोन रांगांत, आणि एका वेळी २२,४०० लिटरच्या आसपास बिअर व्हायची. ती बहुधा राजांच्या अंत्यविधींसाठी असावी असं तिथल्या संशोधकांचं म्हणणं. मजूर प्यायचे ती घरगुती आणि वस्तीतली.

९. बिअर बायकाच बनवायच्या का?

बऱ्याच ठिकाणी हो. सुमेरी राजांच्या यादीत कुबाबा नावाची बाई आहे, आधी गुत्ता चालवणारी, नंतर थेट किश शहराची राणी. हम्मुराबीच्या कायद्यात गुत्त्यांचे नियम आहेत आणि त्यात चालवणारी बाईच धरलेली आहे, मापात फसवलं तर तिला पाण्यात टाकायची शिक्षा. पेरूमध्ये सेरो बाउल या डोंगरमाथ्यावर 'वारी' नावाच्या, इंकांच्या आधीच्या लोकांची साधारण इ.स. ६०० ते १००० मधली मोठी ब्रुअरी होती, तिथे बायकांच्या शालीच्या टाचण्या मिळाल्या, त्यावरून ते काम बायकांकडे होतं असं मानतात. इजिप्तमध्ये घरात बायका, मोठ्या ब्रुअरीत पुरुषही. कामाचा पसारा वाढला की ते पुरुषांकडे जातं, हे युरोपातही मध्ययुगानंतर झालं.

१०. हॉप्स नसलेली बिअर म्हणजे बिअर कशी?

बिअरच्या इतिहासाचा बहुतेक भाग हॉप्सशिवायचा आहे. युरोपात हॉप्स बिअरमध्ये घातल्याचे उल्लेख ९व्या शतकापासून येतात, १२व्या शतकात हिल्डेगार्ड या जर्मन मठवासिनीने हॉप्समुळे पेय टिकतं असं नोंदवलं. त्याआधी ग्रुइट, म्हणजे बॉग मर्टल, यॅरो अशा सुगंधी वनस्पतींचं मिश्रण घालायचे. बव्हेरियाचा १५१६ चा शुद्धतेचा नियम जव, हॉप्स आणि पाणी एवढंच म्हणतो, यीस्टचं नावही नाही कारण ते जिवंत असतं हे कळायला १९वं शतक उजाडलं. पूर्वेकडे खजूर, वेगवेगळी सुगंधी द्रव्यं, डेन्मार्कमधल्या एग्टवेडच्या मुलीच्या थडग्यात (इ.स.पू. १३७० च्या सुमाराचं) गहू, मध, बॉग मर्टल आणि आंबट बेरी एकत्र असलेलं पेय.

११. मग ती चवीला कशी लागत असेल?

गढूळ, कमी फेसाची, कोमट, कडवटपणा नाही, थोडी गोडसर आणि बरीचशी आंबट. आंबट कारण यीस्टबरोबर लॅक्टिक जिवाणूही यायचे, दह्यात असतात त्या जातीचे. ज्यांना आंबील आवडते त्यांना ही चव परकी वाटणार नाही. लोक 'बिघडलेली लागली' म्हणतात कारण जीभ थंडगार लागरला (किंगफिशरसारख्या बिअरला) सरावलेली असते.

१२. किंगफिशरसारखी बिअर त्या काळी होती का?

नाही. लागरचं यीस्ट दोन जातींचा संकर आहे, त्यातली थंडीत टिकणारी जात २०११ मध्ये पाटागोनियाच्या जंगलात ओळखली गेली. सोनेरी पिल्स्नर तर १८४२ ची, प्लझेन शहरातली.

१३. नशा किती चढायची?

रोजची बिअर दोन-चार दिवसांत प्यायची, पूर्ण आंबायच्या आत, त्यामुळे हलकी, अन्न म्हणून जास्त. पण सगळीच हलकी नव्हती, झेनोफोनने (प्रश्न ६) साफ लिहिलंय की पाणी न घालता प्यायली तर फार कडक होती. मेसोपोटेमियाच्या हिशोबांत एका मापाला किती जव यावरून बिअरच्या प्रती ठरायच्या, उत्तम, साधी वगैरे.

१४. हजारो वर्षं जुनं यीस्ट जिवंत करून बिअर केली ही बातमी खरी आहे का?

२०१९ मध्ये इस्रायलच्या हिब्रू विद्यापीठातल्या रोनेन हझान, मायकेल क्लुटश्टाइन आणि पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी २१ जुन्या भांड्यांतून यीस्टच्या सहा जाती वाढवल्या, काही भांडी इ.स.पू. ३१०० च्या सुमाराची, काही बायबलमधल्या फिलिस्टाइन लोकांच्या गाथ शहरातली. त्यातून प्यायला बरी बिअरही झाली. पण एकच पेशी पाच हजार वर्षं झोपून उठली असा याचा अर्थ नाही. त्यांचं म्हणणं असं की मातीच्या छिद्रांत त्या यीस्टच्या पिढ्या थोड्याशा अन्नावर जगत राहिल्या, म्हणजे हे वंशज. आजूबाजूची माती आणि दुसरी भांडी तपासून त्यांनी तुलना केली हे मला महत्त्वाचं वाटतं, नाहीतर हवेतलं कालचं यीस्टही सापडू शकतं.

दुसरी गोष्ट आपल्या जवळची. 'सिडनी कोव्ह' हे जहाज कलकत्त्याहून माल घेऊन ऑस्ट्रेलियाला निघालं आणि १७९७ मध्ये टास्मानियाजवळ बुडालं. त्यातल्या बाटलीतून यीस्ट वाढवून २०१८ मध्ये पोर्टर बिअर काढली गेली. इथे बाटली बंद होती, काळही कमी, त्यामुळे दावा जास्त सोपा.

१५. कंपन्या ज्या 'प्राचीन बिअर' विकतात त्या कितपत खऱ्या?

एकेक बघावी लागते. तुर्कस्तानात गोर्दियोनला १९५७ मध्ये उघडलेल्या राजाच्या थडग्यात (मिडास किंवा त्याचे वडील) कांस्याच्या भांड्यांत सुकलेला गाळ होता. पेन्सिल्व्हेनियाच्या पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी तपासल्यावर द्राक्षाची वाइन, जवाची बिअर आणि मधाची मीड, तिन्ही एकत्र निघाली. त्यावरून डॉगफिश हेड या अमेरिकन ब्रुअरीने 'मिडास टच' नावाची बिअर केली. जव, मध, द्राक्ष हे पुराव्यातलं, केशर मात्र अंदाजाने घातलं कारण कडवटपणासाठी काय होतं ते गाळात सापडलं नव्हतं. ही कंपनी तसं सांगते, म्हणून मला ती प्रामाणिक वाटते.

माझी कसोटी साधी आहे: बाटलीवर किंवा माहितीत कुठला भाग पुराव्यातून आला आणि कुठला अंदाज, हे वेगळं लिहिलंय का? आधुनिक यीस्ट, स्टीलची टाकी, फिल्टर वापरायला माझी हरकत नाही, लपवायला आहे. जर्मनीतल्या म्युनिकच्या तज्ज्ञांनी सीरियाच्या तल बाझीमधल्या घरांत जमिनीत पुरलेली २०० लिटरची भांडी बघून, न तापवता थंड पाण्यात माल्ट भिजवून बिअर होते का हे करून पाहिलं, आणि झाली. विकायला नव्हतं, समजून घ्यायला होतं. असे प्रयोग मला कुठल्याही ब्रँडपेक्षा जास्त शिकवतात.

१६. आपला खपली गहू म्हणजेच इजिप्तचा एमर का? त्याची बिअर होईल?

हो, खपली म्हणजे एमरच, सांगली, सातारा, कोल्हापूर आणि उत्तर कर्नाटकात अजून पिकतो. इजिप्तच्या बिअरमधलं एक मुख्य धान्य आपल्या पुरणपोळीत आहे हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. जात आजची, त्यामुळे चव तंतोतंत तीच म्हणू नका.

प्रॅक्टिकल अडचण अशी की दुकानात मिळतो तो कांडलेला असतो, टरफल काढताना दाण्याच्या अंकुराला मार बसतो आणि निम्मे उगवतच नाहीत. शेतकऱ्याकडून टरफलासकट आणा. आणि बियाण्याच्या दुकानातलं लाल-गुलाबी औषध लावलेलं बी कधीच वापरू नका, ते विषारी असतं.

१७. भारतात प्राचीन काळी बिअर होती का? सोम म्हणजे बिअर का?

सोम नाही. तो वनस्पतीचे देठ ठेचून काढलेला रस, यज्ञात त्याच दिवशी वापरायचा, आणि जुने ग्रंथ सोम आणि सुरा स्पष्ट वेगळे ठेवतात. बिअरच्या जवळची ती सुरा. सौत्रामणी यज्ञातल्या सुरेसाठी मोड आलेलं भात, मोड आलेले जव आणि लाह्या सांगितल्यात, म्हणजे माल्टची वाट (प्रश्न २) आपल्याकडे माहीत होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दारूचा अधिकारीच आहे, सुराध्यक्ष, आणि तिथे चक्क मापं मिळतात: मेदक नावाच्या तांदळाच्या पेयासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व, किण्व म्हणजे आंबवायचं विरजण. सुमेरी स्तोत्रापेक्षा (प्रश्न ५) रेसिपी म्हणून हे जास्त कामाचं, आणि तरी यावर प्रयोग फार कमी होतात याची मला खंत वाटते.

जिवंत परंपरा बघायची तर झारखंड-ओडिशाची हंडिया आणि आसामच्या दिमासा लोकांची जुडिमा, तिला २०२१ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. आपल्याकडच्या मोहाच्या दारूचा यात समावेश होत नाही, ती फुलांची आणि भट्टीतली.

१८. महाराष्ट्रात घरी बिअर बनवली तर चालते का, फक्त स्वतःपुरती?

नाही चालत. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ खाली लायसन्सशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे, घरगुती प्रमाणासाठी सूट नाही. गोव्यातही बनवायला लायसन्स लागतं. 'इतिहासाचा प्रयोग' हे कारण चालणार नाही. पिण्यासाठी बिअरचं वय राज्यात २१, कडक दारूचं २५, आणि वर्धा, गडचिरोलीत दारूबंदीच आहे. कृपया मला मेसेज करून पळवाट विचारू नका.

१९. मग इथे राहून काहीच करता येणार नाही?

खूप करता येतं, कारण सगळ्यात मजेची अर्धी प्रक्रिया यीस्टच्या आधीची आहे आणि त्यात अल्कोहोल नसतं. मी थंडीत करते, डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा १५ ते २० डिग्री मिळते.

अर्धा किलो जव किंवा खपली आठ तास भिजवायचा, पाणी काढून तितकाच वेळ मोकळा ठेवायचा, परत भिजवायचा. मग ओल्या फडक्यात पसरून तीन-चार दिवस, रोज दोनदा धुऊन हलवायचा, वास आला किंवा बुरशी दिसली तर सगळं फेकायचं, निवडत बसायचं नाही. मूळ दाण्याएवढं झालं की थांबायचं. कडक उन्हात पातळ पसरून वाळवायचं, मुळं चोळून काढायची, जाडसर भरडायचं. झालं माल्ट.

आता एक भाग भरडा आणि तीन भाग पाणी, ६५ ते ६७ डिग्रीला तासभर झाकून. ७५ च्या वर गेलं तर एन्झाइम मरतं. सुरुवातीला नुसती पिठाळ चव आणि तासाभराने ते पाणी गोड लागतं, साखरेचा कण न घालता, हे प्रत्येकाने एकदा तरी अनुभवावं. इजिप्तची पद्धत करायची असेल तर अर्धं धान्य शिजवा, थोडं निवू द्या, मग कच्चा माल्ट मिसळा. गाळून उकळून लगेच प्या, ठेवून देऊ नका, ठेवलं तर आपोआप आंबायला लागेल आणि तुम्ही प्रश्न १८ मध्ये जाल.

२०. मी यूकेत / अमेरिकेत आहे, पूर्ण बिअर करायची आहे. कुठून सुरू करू?

यूकेत १९६३ पासून स्वतःपुरती बनवायला लायसन्स लागत नाही, अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलनपर्यंत परवानगी आहे, तरी आपल्या राज्याचा नियम बघून घ्या. विकायची नाही, भट्टीत गाळायची तर अजिबात नाही.

पहिल्यांदा मिडास-बिडास नको. साधारण १० लिटरला दोन किलो माल्ट घ्या, जव आणि एमर मिळून, प्रश्न १९ प्रमाणे मॅश करा (भरडा गरम पाण्यात मुरवा) पण ठरलेलं बाकीचं पाणी नंतर दाण्यांवरून ओतून घ्या, १० मिनिटं उकळा. जुन्या काळी बहुधा उकळत नसत, इथे मी सुरक्षितपणा निवडते आणि तशी नोंद ठेवते. गार झाल्यावर थोडा ठेचलेला खजूर आणि साधं एलचं (लागर नव्हे, उबेत आंबणाऱ्या बिअरचं) यीस्ट, २० डिग्रीच्या आसपास तीन ते पाच दिवस. उन्हाळ्यात घर तापत असेल तर नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी जपलेलं क्वाइक यीस्ट आणा, ते ३० ते ४० डिग्रीतही नीट काम करतं. आंबट हवी असेल तर लॅक्टिक कल्चर वेगळं मिळतं. ताजीच प्या. अर्धवट आंबलेली काचेच्या बाटलीत बूच घट्ट लावून ठेवलीत तर बाटली फुटते, हातांना आणि डोळ्यांना इजा होते, हे हलक्यात घेऊ नका.

२१. मातीच्या मडक्यात केली तर जास्त अस्सल होईल ना? आणि धोतरा वगैरे घालायचे म्हणतात?

मडकं चालेल, पण आतून चकचकीत ग्लेझ असलेलं शोभेचं भांडं नको, ग्लेझमधलं शिसं आंबट पेयात उतरू शकतं. साधं भाजलेलं मडकं घ्या, आणि त्यात यीस्ट-जिवाणू मुरून राहतात हे लक्षात ठेवा, पुढची बिअर आधीचीच चव घेऊन येते, जुन्या लोकांचं विरजण तेच.

धोतरा, हेनबेन, मँड्रेक यांच्याबद्दल एकच उत्तर: नाही. मध्ययुगीन जर्मनीत हेनबेन बिअरमध्ये घालायचे हे खरं, पण त्यात जीव जाईल इतकं विष असतं आणि झाडागणिक प्रमाण बदलतं. अस्सलपणासाठी यातलं काही लागत नाही.

२२. पाणी घाण होतं म्हणून सगळे बिअर प्यायचे, आणि ती औषधी होती, हे कितपत खरं?

पहिलं अतिरंजित. लोक पाणी पीतच होते, लंडनने तर १३व्या शतकात नळाने झऱ्याचं पाणी शहरात आणलं. बिअर प्यायचे ती अन्न, मजुरी आणि सोबत म्हणून.

औषधाचं एक उदाहरण मात्र जबरदस्त आहे. सुदानच्या नुबियात इ.स. ३५० ते ५५० मधल्या लोकांच्या हाडांत टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक आढळलं, जॉर्ज आर्मेलागोस यांनी ते १९८० मध्ये मांडलं आणि २०१० मध्ये रासायनिक तपासणीने पक्कं झालं. ते तयार करणारे जिवाणू धान्यात वाढून बिअरमधून पोटात गेले असावेत असा त्यांचा निष्कर्ष. यावरून आजच्या बिअरने इन्फेक्शन बरं होतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

२३. मला ग्लुटेन चालत नाही. खपली प्राचीन आहे तर चालेल का? नाहीतर ज्वारीला मोड आणून करू?

खपलीत ग्लुटेन आहे, जवातही त्याच्यासारखंच प्रथिन आहे, सिलिअ‍ॅक असेल तर दोन्ही बंद. आंबवल्याने ते पूर्ण जात नाही.

ज्वारीबाबत सावध राहा. आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टची बिअर पिढ्यान्‌पिढ्या होते, पण मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात आणि मुळात असं द्रव्य असतं ज्यातून सायनाइड सुटतं, कोवळी ज्वारी खाऊन जनावरं दगावतात ती त्यामुळेच. तिथले लोक वाळवून, कोंब-मुळं काढून, भरपूर शिजवून मग वापरतात, ही पद्धत त्यांच्याकडून समोर बसून शिकलेली नसेल तर घरी करू नका, आणि मोड आलेली ज्वारी कच्ची तर अजिबात खाऊ नका. तुमच्यासाठी नाचणी सगळ्यात चांगली, ग्लुटेन नाही, मोड सहज येतात, एन्झाइम भरपूर, आणि तोंग्बाची परंपरा (प्रश्न ६) पाठीशी आहे. प्रश्न १९ ची कृती तशीच करा, फक्त दाणा बारीक असल्याने फडकं घट्ट विणीचं घ्या आणि मॅशला पाणी तीनऐवजी चार भाग धरा, नाहीतर गाळताना अडतं.